बुडीत

माझी सोयरीक एका शब्दावरून मोडता मोडता राहिली.

रेवदंड्याला आमची नारळी-पोफळीची वाडी होती आणि वडील काथ्याचे दोर वळवून घेऊन मचवेवाल्यांना विकत. मुलाकडची माणसं आली ती रोह्याच्याही पलीकडून, डोंगरातल्या एका लहान गावातून. मुलगा आलाच नव्हता. तशी पद्धत नव्हती, आणि आला असता तरी मान खाली घातलेल्या मला त्याच्या पायांपलीकडे काय दिसणार होतं? मुलाचे वडील हयात नव्हते. त्याचा मामा मात्र आला होता, मोठ्या आवाजाचा, आणि सगळी बोलणी तोच करत होता. गुरं किती, भाताची जमीन किती, हे सांगून झाल्यावर त्यानं राखून ठेवलेला हुकमाचा एक्का काढला.

"आनि पोराच्या नावावं बुडीत हाय," तो म्हणाला. "बापानं जल्माच्या वक्तालाच घातलंय."

वडिलांच्या हातातला अडकित्ता थांबला. आमच्याकडे बुडीत म्हणजे गेलेलं, पुन्हा हाती न लागणारं. बुडीत उधारी, बुडीत धंदा. जन्मल्याबरोबर ज्याच्या नावावर बुडीत चढलं त्या पोराला मुलगी द्यायची तरी कशी? तरी पाहुण्यांचा मान ठेवून त्यांनी जपून विचारलं, "केवढं आहे?"

"अठरा हात," मामा छाती फुगवून म्हणाला. "थोरल्याचं तर वीस हात."

नुकसान हातानं मोजतात हे वडील पहिल्यांदाच ऐकत होते. दाराआड आई मला म्हणाली, "चल, कपबशा आवर. हे काही जमायचं नाही." शेवटी वडिलांनी उघडच विचारलं तेव्हा मामाला घोळ कळला, आणि तो इतका हसला की तोंडातलं पान सावरता येईना. मग त्यानं नीट सांगितलं. त्यांच्या गावी तळं आहे. घरात मुलगा जन्मला की बाप किंजळाचं एक सरळ खोड त्याच्या नावानं तळ्यात बुडवतो. ते खोड म्हणजे बुडीत. मुलगा मोठा होऊन आपलं घर बांधायला निघाला की तेच वर काढून त्याचं आढं करायचं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, ज्याच्यावर सगळं छप्पर पेलून धरलेलं असतं. वडिलांना हे लगेच पटलं. लाकूड पाण्यात मुरलं की त्याला कीड लागत नाही, हे होड्यांशी व्यवहार करणाऱ्या माणसाला काय सांगायचं? सोयरीक ठरली, आणि भावाला मला चिडवायला जन्मभराचा शब्द मिळाला. मी माहेरी गेले की तो अंगणातूनच ओरडायचा, "आई, तुझी बुडीत आली गं!"

लग्नानंतर मी निघाले ती मचव्यातून खाडीनं रोह्यापर्यंत आणि तिथून बैलगाडीनं. जर्मनची लढाई संपून बरीच वर्षं झाली होती. मुंबईत घरांवर घरं उठत होती आणि त्यांना लाकूड हवं होतं. वाटेत समोरून लाकडाच्या गाड्या येत, लांबलचक ओंडके मागे लोंबत असलेल्या, आणि अरुंद रस्त्यावर कोणी कोणाला वाट द्यायची यावरून गाडीवान एकमेकांचा उद्धार करत. नव्या नवरीच्या कानावर त्या दिवशी काय काय पडलं ते सांगत नाही, पण माझं शिक्षण चौथीनंतर थांबलं होतं ते तिथून पुढे सुरू झालं.

तळं पाहून मला हसू आलं. मी समुद्रकाठची. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जाईल एवढंच ते पाणी, आणि तेही बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं. लाकडाच्या सालींचा रंग उतरून उतरून ते तसं झालं होतं. उन्हाळ्यात त्याला असा वास सुटे की मी पहिले काही दिवस नाकाला पदर लावूनच वावरले. पुढे नाकाला सवय झाली, आणि माहेरी गेले की सुक्या मासळीचा वास नकोसा वाटायला लागला. माणसाच्या नाकाला काही इमान नसतं.

तळ्याच्या काठी तीन वाड्या होत्या आणि तिन्हींचं पोट लाकडावर. वरच्या वाडीची माणसं डोंगरात कुपांत तोडीला जात. कूप म्हणजे सरकारनं ठेकेदाराला तोडून न्यायला दिलेला जंगलाचा तुकडा, आणि तिथंही जंगल शिपायानं हातोड्याचा छाप मारलेलं झाडच तोडायचं. मधल्या वाडीकडे बैल आणि गाड्या. आमची खालची वाडी पाण्याची. ठेकेदाराचे ओंडके आले की आम्ही ते तळ्यात लोटायचे, दगडांचा भार घालून दाबायचे, एक पावसाळा मुरू द्यायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात ओढून काढायचे. तिथून ते गाडीवर, गाडीतून बंदरावर आणि गलबतातून मुंबईला. वरच्या वाडीचे आम्हाला बेडूक म्हणत, आम्ही त्यांना वानरं म्हणत असू, आणि मुली एकमेकांच्याच घरात देत असू. साग सगळा सरकारचा आणि ठेकेदाराचा. गावाला घरासाठी मिळे तो किंजळ नाहीतर ऐन, तोही परवानगी काढून आणि शिपायाला खूश ठेवून.

ओंडका पाण्यातून ओढायचा म्हणजे नुसतं बळ असून भागत नाही. दोराला पंधरा-वीस माणसं लागलेली असतात, त्या सगळ्यांचा हिसका एका क्षणी बसला पाहिजे. त्यासाठी हाळी लागते. ठेकेदाराच्या लाकडाला कोणीही कसलीही हाळी द्यायचं. त्या हाळ्या बायकांनी ऐकायच्या नसत, आणि आम्ही धुणी घेऊन नेमक्या त्याच वेळी तळ्यावर असायचो.

नावाचं बुडीत काढायचं असलं की मात्र वेगळं. ज्याच्या नावानं ते बुडवलं, त्याच्या घरचं एक माणूस काठावर उभं राही आणि त्याचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारी. दोराची माणसं एका आवाजात "आलोऽ" म्हणत आणि ओढत. लाकूड वीतभर पुढे सरके. पुन्हा हाक, पुन्हा आलो. लाकूड काठाला लागेपर्यंत असं चाले. हाक बहुतेक वेळा आई मारायची. आई नसली तर बाप, चुलता, थोरली बहीण. घरचंच माणूस हवं, यात सूट नव्हती. परक्याच्या हाकेला बुडीत येत नाही, असं म्हणत.

माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या मुलाचं बुडीत निघालं. आई काठावर कमरेवर हात ठेवून उभी, आणि मुलगा स्वतःच दोराला. ती त्याच्या नावानं ओरडली की बाकीच्यांबरोबर तोही "आलोऽ" ओरडायचा. लहानपणापासून आईनं जेवायला हाक मारली की तो असाच ओरडायचा म्हणे, फक्त त्या दिवशी पहिल्यांदा तो खरोखर येत होता. सगळा काठ हसत होता. मला त्या दिवशी ते गाव आवडलं.

आता माझ्या थोरल्या जावेबद्दल सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिची आहे.

ती उंच, सावळी, हातानं झपाट्याची आणि तोंडानं कमी बोलणारी होती. बोलली तर मात्र समोरच्याला पुढे बोलायला जागा ठेवत नसे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नियम आम्ही सगळ्याच पाळत होतो. मी तरी आमच्या ह्यांचं नाव कुठे घेते? हे लिहितानाही हात पुढे जात नाही. पण जाऊबाईंची पंचाईत मोठी होती. थोरल्या भावोजींच्या नावातच चंद्र होता. त्यामुळे ती चंद्राला चंद्र म्हणत नसे. तिच्यासाठी तो "वरचा". संकष्टीला सासूबाई उपाशी बसलेल्या असायच्या आणि ही मला सांगायची, "वरचा आला काय बघ गो." मी मुद्दाम माळ्याकडे बघायची. एकदा तिनं मला त्याबद्दल ओल्या पंच्यानं फटका मारला होता, आणि भावोजी ओटीवर बसून खोकल्याचं निमित्त करून हसत होते.

भावोजी हसरे होते. मला ते "रेवदंड्याची सरकार" म्हणत. जुनं घर धाकट्याच्या, म्हणजे आमच्या वाटणीचं. तळ्याच्या काठी, जरा उंचावर, त्यांच्या वाटणीची जागा होती आणि तिथं त्यांनी घराचं जोतं बांधायला घेतलं होतं. दिवसभराचं काम झालं की दोघं नवराबायको तळ्याकाठचे दगड वाहायची. ती डोक्यावर घ्यायची, ते खांद्यावर. जोतं पुरं झालं, पुढे दोन पायऱ्याही बसवल्या. पावसाळा सरला की भिंती घालायच्या, आणि त्याच्या पुढच्या वैशाखात बुडीत काढायचं, असं ठरलेलं होतं.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला, भिंतींना हात लागायच्या आतच, ठेकेदाराला गाड्या भरायला माणसं कमी पडत होती, म्हणून भावोजी डोंगरात गेले. उतारावर एका ओंडक्याची साखळी सुटली. भावोजी खालच्या अंगाला उभे होते. त्यांना घरी आणलं ते लाकडाच्याच गाडीवर. ठेकेदाराचा माणूस दोनदा येऊन बसला, हळहळला, आणि तोडीचं काम दुसऱ्या दिवशी चालू झालं. मला त्याचा फार राग आला होता. अजूनही येतो.

सासूबाई त्या दुःखातून उठल्याच नाहीत. वर्षाच्या आत त्याही गेल्या. घरात उरलो आम्ही दोघं, आमची मुलं आणि जाऊबाई. तिला मूल नव्हतं. आमच्यात विधवेचा पाट लागतो. तिलाही सुचवणारे आले. ती "बघू" म्हणायची, आणि तिच्या त्या "बघू"चं "नको" कधी झालं ते विचारणाऱ्यांनाही कळलं नाही.

आणि बुडीत? बापाच्या नावाचं बुडीत मुलाला चालत नाही, मुलाला त्याचं स्वतःचं. घर बांधायच्या आधीच माणूस गेला तर त्याचं बुडीत तळ्याचं झालं. ते कोणी काढत नसे. त्याबद्दल कोणी बोलतही नसे.

जोतं मात्र तसंच होतं. दर दिवाळीआधी जाऊबाई शेणाचा पो घेऊन तिकडे जायची आणि ते आख्खं जोतं सारवून यायची. वर भिंत नाही, छप्पर नाही, दोन पायऱ्या चढून माणूस आभाळातच जायचा. तिथं ती मिरच्या वाळत घाले, वाल पसरी, आणि कधी कधी नुसती बसे. लोक म्हणत, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला तसं वाटत नव्हतं, पण मला त्या सारवण्याचा राग यायचा. घर काय कमी होतं का? मी काय कमी करत होते का? एकदा ती जोत्यावरून परत आली तेव्हा मी चुलीसमोरून तिला ते विचारलं.

"तुज्या घरात मी पाव्हनी हाय," ती म्हणाली. "चांगली ठेवलीस मला. पन पाव्हनी."

झालं! मी चिडले. पुढे कितीतरी दिवस आम्ही एकाच चुलीवर शेजारी बसून एक शब्द न बोलता भाकऱ्या थापल्या. मुलं आमच्यामधून निरोप पोचवायची. ह्यांनी मध्ये पडून तिला सांगितलं, "वयनी, घर बांदायचं तर बांदू. बाजारचं आढं आनतो मी." ती मान हलवून नाही म्हणाली.

"माजं जोतं हाय," ती म्हणाली. "माजं आढं हाय. मदल्या भिंती तेवड्या न्हायत."

मला तिचं म्हणणं कळलं, आणि कळल्यावर राग गेला. सगळ्यांत वाईट हे की आता मलाही ते उघडं जोतं बघवेना.

अशी वर्षं गेली. मिठाचा सत्याग्रह झाला, जंगल सत्याग्रहाच्या बातम्या आल्या, वरच्या वाडीचे काही जण टोप्या घालून कुठे कुठे जाऊन आले. आमच्या तळ्यावर त्यानं फार फरक पडला नाही. फरक पडला तो मोटारीनं. डोंगराच्या कडेनं रस्ता रुंद झाला आणि ठेकेदारानं मालमोटार आणली. आता लाकूड तोडलं की ते थेट मोटारीत आणि थेट वखारीत. मुरवायला थांबायला कोणाला वेळ नव्हता. मधल्या वाडीनं हळूहळू बैल विकले. आमच्या वाडीतली तरणी माणसं मुंबईला गिरण्यांत आणि गोदीत गेली. तळ्याला कोणी विचारीना.

त्याचं एक मात्र झालं. नवीन लाकूड पडायचं थांबल्यावर पाणी निवळायला लागलं. आधी चहाचा रंग गेला, मग वास गेला. एका उन्हाळ्यात माझ्या धाकट्या मुलाला काठावरून तळ दिसला आणि तो ओरडत घरी आला. त्याच उन्हाळ्यात जाऊबाई मला हाताला धरून तळ्यावर घेऊन गेली. मोठ्या खडकापाशी तिनं बोट दाखवलं. पाण्यात, गाळात अर्धं रुतलेलं, काळं, लांब असं काहीतरी होतं. मला ती आधी सावलीच वाटली.

"वीस हात," ती म्हणाली.

आणि नेमका पुढच्या वर्षी ठेकेदाराचा माणूस पुन्हा गावात आला. त्यालाही तळ दिसत होता. इतकी वर्षं मुरलेलं लाकूड आता कुठे मिळत नाही, म्हणाला. गावात ज्या बुडितांना धनी उरला नाही, मेलेल्यांची, मुंबईला कायमची गेलेल्यांची, ती द्या, त्याच्या बदल्यात देवळावर मंगलोरी कौलं घालून देतो. देऊळ पावसात गळत होतं हे खरं होतं. गावाला ते पटलं. देवळात बैठक ठरली, आणि ह्यांनी पाय धुता धुता घरात ते सांगितलं. जाऊबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मी पन येते," ती म्हणाली.

देवळात बायका मागे पायरीशी बसायच्या. ती तिथंच बसली, मी तिला लागून. बोलणं निघालं तेव्हा ह्यांनी उठून सांगितलं की दादाचं बुडीत द्यायचं नाही, वयनीला घर बांधायचंय. सगळ्यांनी दोराच्या म्होरक्याकडे पाहिलं, कारण ओढायला माणसं उभी करायची ती त्यानंच. तो आता पार थकलेला होता. भावोजींचा जन्म झाला तेव्हा त्यांच्या वडिलांबरोबर ते खोड त्यानंच तळ्यात लोटलं होतं.

"माजं काय जातंय?" म्हातारा म्हणाला. "वढू की. पन हाक मारायला घरचं मानूस पायजे. म्हातारी गेली. तू धाकटा, दादाचं नाव कसं घेशील? कोन हाय दुसरं?"

खरंच कोणी नव्हतं. बहीण नव्हती, चुलता नव्हता, मामा पडला आजोळचा, आमची मुलं त्यांना काका म्हणणारी. ह्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"मंग ठेकेदारासाटी काडाल तवा हाक कोन मारनार?"

सगळे मागे वळले. म्होरक्या जरा गडबडला. "तवा काय... देऊ कसली तरी हाळी."

"म्हंजे परक्याच्या हाकेला येतं म्हना की," जाऊबाई म्हणाली.

पुढे बसलेल्यांत कोणीतरी फिसकन हसलं. ठेकेदाराचा माणूस टोपी सारखी करायला लागला. जाऊबाई उठून उभी राहिली. उठताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"हाक मी मारीन," ती म्हणाली.

देवळात कुजबुज सुरू झाली. आमच्या बायकांतलीच एक म्हातारी, जिला सगळ्या आत्या म्हणत, ती कळवळून म्हणाली, "असं करू नये गो. बायकोनं नाव घेतलं म्हंजे नवऱ्याचं आयुष्य कमी होतं."

जाऊबाईनं तिच्याकडे वळून पाहिलं. आवाज चढवला नाही.

"आता त्यांचं काय कमी व्हायचं ऱ्हायलंय, आत्या?"

म्होरक्या काठी टेकत उठला आणि म्हणाला, वैशाखात पाणी उतरलं की काढू.

मी माहेरी निरोप धाडला. गावातले दोर सगळे जुने झाले होते. वडिलांनी रेवदंड्याहून काथ्याचं नवं कोरं दोरखंड मचव्यानं रोह्याला पाठवलं. आणणाऱ्याबरोबर तोंडी निरोप होता की बुडिताला आहे, त्याचं काही द्यायचं नाही. वडील आता म्हातारे झाले होते, पण थट्टा सुटली नव्हती.

त्या सकाळी तिन्ही वाड्यांची माणसं काठावर जमली. ठेकेदाराच्या दिवसांनंतर एवढी माणसं तिथं आली नव्हती. दोन तरण्या पोरांनी बुडी मारून, गाळ उकरून दोर बांधला. बाकीचे गुडघाभर पाण्यात ओळीनं उभे राहिले. हे मध्ये कुठेतरी होते. म्होरक्यानं दोराला नुसता हात लावला, ओढायची ताकद त्याच्यात नव्हती. जाऊबाई काठावरच्या खडकावर उभी होती. मी खाली, तिच्या पायाशी.

"हां, बाय," म्होरक्या म्हणाला.

तिनं तोंड उघडलं आणि आवाज निघालाच नाही. ओठ हलले. माणसं दोर धरून थांबली होती. पुन्हा तिनं श्वास घेतला, पुन्हा तेच. मागे बायकांत चुळबुळ सुरू झाली. मला वाटलं, आता ही खाली उतरते. मी मान वर करून हळूच म्हटलं, "बाई, जेवायला बोलवायचंय असं समजा."

तिनं नाव घेतलं. पण इतकं हळू, की मला एकटीला ऐकू आलं. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर ते नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. जिवंतपणी भावोजींनीही नाही.

"ऐकू न्हाय आलं," म्होरक्या म्हणाला, पण रागानं नव्हे.

मग तिनं डोळे मिटले आणि हाक मारली.

"आलोऽऽ!" पाण्यातून वीस माणसं ओरडली आणि दोर ताठ झाला.

ती दचकून एक पाऊल मागे सरली. मी तिच्या घोट्याला धरलं. तिनं हाक मारली होती, आणि तिला उत्तर मिळालं होतं. ती ही गोष्ट विसरली होती का मनात धरूनच आली होती, ते मला कधी विचारायचं धैर्य झालं नाही. लाकूड जागचं हललं नव्हतं. इतक्या वर्षांचा गाळ तो. तिनं पुन्हा हाक मारली. आलोऽऽ. पुन्हा. दोरातलं पाणी पिळून गळत होतं.

हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. मग ते नाव मी तिच्या तोंडून किती तऱ्हांनी ऐकलं! कधी भाकरी निवतेय म्हणून बोलवावं तसं. कधी उशीर केला म्हणून रागवावं तसं. एकदा तर तिनं ते लाडानं घेतलं, आणि म्हाताऱ्या बायकांनी माना वळवल्या. ज्याचं नाव तोंडी येऊ नये म्हणून ती जन्मभर चंद्रालाही "वरचा" म्हणत आली, त्याला ती भर उन्हात, तिन्ही वाड्यांसमोर, नावानं बोलवत होती, आणि दर खेपेला तो येतो म्हणत होता. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पाण्यात हे ओरडत होते ते निम्मं रडतच. मी पदर लावला नाही. तिथं कोण कोणाला बघत होतं?

मग तळातून मोठे मोठे बुडबुडे आले आणि काळ्या गाळाचा एक ढग वर आला. लाकूड सुटलं. त्यानंतर ते प्रत्येक हाकेला हातभर पुढे यायला लागलं. आधी बुंधा दिसला, काळा कुळकुळीत. उथळ पाण्यात आल्यावर ते सगळं दिसलं, कुठे कीड नाही, कुठे भेग नाही. शेवटच्या हिसक्याला ते खडकाच्या खाली काठाला लागलं. माणसांनी दोर टाकला. कोणी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होतं, कोणी तोंडावर पाणी मारत होतं. लाकूड काठाला लागलं की हाक थांबते. तसा नियमच आहे.

ती थांबली नाही. तिनं आणखी एकदा हाक मारली.

दोराला कोणी नव्हतं. "आलो" म्हणायला कोणाच्या छातीत दम उरला नव्हता, आणि म्हणावं की नाही हेही कोणाला कळेना. हाक तळ्यावरून पलीकडच्या काठाला गेली. ती खडकावर तशीच उभी राहिली, ऐकत.

म्होरक्या पाण्यातून चाचपत लाकडापाशी आला. त्यावर हात टेकून त्यानं वर तिच्याकडे पाहिलं.

"आला गो, बाय," तो म्हणाला. "आला तो."